मुलांचे वेडेवाकडे दात: तारा आत्ता लावाव्यात की सगळे दात आल्यावर?

निशिगंध (धागाकर्ती)

दुसरी-तिसरीतल्या मुलाचे समोरचे दात तिरके आले की घरात दोन तट पडतात. एक म्हणतो, ‘आत्ताच तारा लावून टाका, हाड कोवळं आहे.’ दुसरा म्हणतो, ‘सगळे दात येऊ देत, बाराव्या वर्षी बघू.’ दवाखान्यांतही ही दोन्ही मतं ऐकू येतात, त्यामुळे पालक आणखीच गोंधळतात.

माझं मत आधीच सांगते. तपासणी सातव्या वर्षाच्या आसपास व्हायलाच हवी. अमेरिकेतली ऑर्थोडॉन्टिस्टांची, म्हणजे वेडेवाकडे दात सरळ करणाऱ्या तज्ज्ञांची, संघटनाही हेच वय सांगते. तोवर पहिल्या कायमच्या दाढा आणि समोरचे काही कायमचे दात आलेले असतात, त्यामुळे दोन्ही जबडे एकमेकांवर कसे बसतात ते दिसतं. पण तपासणी म्हणजे उपचार नव्हे. बहुतेक मुलांना त्या वयात काहीच करावं लागत नाही. थोड्या मुलांना मात्र लागतं, आणि त्यांच्यात दोन-तीन वर्षं वाया गेली तर नंतर तारा लावूनही ते भरून येत नाही.

तेव्हा प्रश्न असा: कोणते दोष थांबू शकत नाहीत, आणि कोणत्या दोषांत घाई केली तर मुलाला उगाच दोनदा उपचार घ्यावे लागतात? या क्षेत्रातल्यांनी सविस्तर लिहा. ‘डॉक्टरांना विचारा’ एवढ्यावर थांबू नका. काय विचारायचं हेच पालकांना माहीत नसतं.

खडीसाखर

चांगला धागा. शाळांच्या तपासणीत सतत दिसणारी गोष्ट आधी लिहिते. सहाव्या वर्षी येणारी कायमची दाढ कुठलाही दुधाचा दात पडून येत नाही, शेवटच्या दुधाच्या दाढेमागे ती गुपचूप येते. पालक तिला दुधाची समजतात आणि कीड लागली तरी ‘पडणारच आहे’ म्हणून सोडून देतात. दुधाचे दात एकूण वीस. मधल्या रेषेपासून मागे मोजत जा, पाचवा शेवटचा दुधाचा आणि सहावा कायमचा. ही दाढ गेली तर पुढचं सगळं नियोजनच बदलतं.

वळणवाट

ऑर्थोडॉन्टिस्ट म्हणून लिहितो. थांबू नये अशा गोष्टींत पहिली जागा क्रॉसबाइटला, म्हणजे वरचा दात खालच्या दाताच्या आत बसण्याला.

समोरचा एकच वरचा दात आत असेल तर तोंड मिटताना तो खालच्या दाताला रोज पुढे ढकलतो. काही महिन्यांत त्या खालच्या दाताची हिरडी खाली सरकते, दात लांब दिसू लागतो, हलतोही. हे आठव्या वर्षी दिसलं तर आठव्या वर्षीच सुटायला हवं. उपाय छोटा आहे. वरच्या जबड्याला काढता-घालता येणारी प्लेट, त्या दातामागे स्प्रिंग, आणि दाढांवर अ‍ॅक्रिलिकचा पातळ थर, म्हणजे तोंड मिटताना दात मोकळा राहतो. दोन-तीन महिन्यांत दात बाहेर येतो. खालच्या दाताला त्याने पुढून पुरेसं झाकलं तर पुढे रिटेनरही लागत नाही, चावाच त्याला धरून ठेवतो. आत वळलेला दात सुटेल एवढी जागा आहे का, हे मात्र आधी पाहावं लागतं. जागा नसताना स्प्रिंग ताणली तर दात जागचा हलत नाही, शेजारचा मात्र वाकडा होतो.

मागच्या दाढांचा क्रॉसबाइट असेल तर एक गोष्ट घरी पाहता येते. मुलाला हळूहळू तोंड मिटायला सांगा. दाढा टेकता टेकता हनुवटी एका बाजूला सरकत असेल तर वरचा जबडा अरुंद आहे, आणि नीट चावता यावं म्हणून मूल खालचा जबडा बाजूला नेतंय. वर्षानुवर्षं असं चाललं तर खालच्या जबड्याची वाढ दोन बाजूंना असमान होऊ शकते. उपाय म्हणजे वरचा जबडा रुंदावणं. टाळूच्या मधली शिवण लहानपणी सहज उघडते, किशोरवयाच्या मध्यावर ती घट्ट होऊ लागते. मोठेपणी तेच काम शस्त्रक्रियेवर जाऊ शकतं.

मेघमल्हार

वरच्या मधल्या दोन दातांत फट आहे आणि बाजूचे दोन्ही दात बाहेरच्या दिशेने पसरलेत, पंख्यासारखे. वय ८ पूर्ण. हे यात येतं का?

वळणवाट

@मेघमल्हार, बहुधा नाही. ८ ते ११ वर्षांत हे नेहमी दिसतं. वरचे कायमचे सुळे हाडात उतरताना बाजूच्या दातांच्या मुळांवर दाब देतात, म्हणून त्यांची टोकं बाहेर झुकतात आणि मध्ये फट पडते. सुळे खाली आले की फट मिटते. साधारण दोन मिलिमीटरपर्यंतची फट आपोआप जाण्याची शक्यता चांगली असते. या अवस्थेत तारा लावून बाजूचे दात घाईने सरळ केले तर त्यांची मुळं थेट उतरत्या सुळ्याच्या वाटेत जातात आणि झिजू शकतात. इथे घाई नुकसान करते.

चाफेकळी

पण वरच्या ओठाच्या आतला, हिरडीला जोडणारा पडदा जाड असला तर तो कापूनच घ्यायचा असतो ना? म्हणजे फट मिटेल.

पाऊलखुणा

@चाफेकळी, सुळे येण्याआधी कापू नये. आधी कापला तर त्या जागी घट्ट व्रण तयार होतो आणि नंतर तारांनी फट मिटवताना तोच आडवा येतो. क्रम असा: सुळे येऊ द्या, फट उरलीच तर तारांनी मिटवा, आणि मग गरज असेल तर पडदा कापा. बाळाला स्तनपानाला अडचण होणारा जिभेखालचा पडदा हा वेगळा विषय आहे, त्याची यात सरमिसळ नको.

फट तीन-चार मिलिमीटरची असेल, किंवा मधला एक दात येऊन सहा महिने झाले तरी जोडीदार आलेला नसेल, तर मात्र एक्स-रे काढाच. कधी कधी मध्ये एक जादा दात अडकून बसलेला असतो. मधल्या दाताआधी बाजूचा दात आला तरी हाच संशय घ्यायचा.

कातळशिल्प

सगळं ठीक, पण आठ-नऊ वर्षांच्या मुलांना सर्रास ‘पहिला टप्पा’ सुचवला जातो त्याचं काय? दीड वर्ष प्लेट, मग तेराव्या वर्षी पुन्हा पूर्ण तारा. दोनदा खर्च, दोनदा शाळा बुडते आणि मूल कंटाळतं. यावर कोणी स्पष्ट लिहील का?

वळणवाट

@कातळशिल्प, ही तक्रार बरीचशी रास्त आहे, आणि ती मुख्यतः पुढे आलेल्या वरच्या दातांबद्दल आहे. खालचा जबडा मागे, वरचे दात पुढे, मधलं अंतर सहा-सात मिलिमीटरच्या वर, अशा मुलांवर अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये चिठ्ठ्या टाकून गट पाडलेले अभ्यास झालेत. एका गटाला आठ-नऊच्या सुमारास उपचार दिले आणि किशोरवयात दुसरा टप्पा, दुसऱ्याला थेट किशोरवयात. शेवटी दोन्ही गटांत जबड्यांचं नातं, दातांची ठेवण आणि शस्त्रक्रियेची गरज जवळपास सारखीच निघाली. वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१३च्या आढाव्यात एकच ठोस फायदा दिसतो: लवकर उपचार घेतलेल्यांत समोरच्या दातांना नव्याने इजा सुमारे २० टक्के मुलांना झाली, थांबलेल्यांत सुमारे २९ टक्के.

म्हणून अशा मुलांत लवकर उपचाराला माझ्या मते दोनच कारणं पुरेशी: दात इतके बाहेर आहेत की ओठ मिटत नाहीत आणि मूल धडपडं आहे, किंवा शाळेतल्या चिडवण्याने मूल खरोखर कोमेजून गेलंय. एरवी ट्विन ब्लॉक, म्हणजे खालचा जबडा पुढे आणणारं उपकरण, वाढीच्या भरात द्यावा. मुलींना तो काळ साधारण १० ते १२ आणि मुलांना १२ ते १४ वर्षांत येतो. बाजूने काढलेल्या एक्स-रेत मानेच्या मणक्यांच्या आकारावरून त्याचा अंदाज बांधता येतो, त्यामुळे निव्वळ वाढदिवस मोजून ठरवू नये.

पाऊलखुणा

@वळणवाट, आकडे मान्य, पण ‘दोनच कारणं’ मला अपुरी वाटतात. समोरच्या कायमच्या दाताला आठव्या वर्षी मार बसला तर त्याचं मूळ पूर्ण वाढलेलं नसतं. नस मेली तर वाढ तिथेच थांबते आणि पातळ भिंतीचं मूळ पुढे तडकतं. त्या वयात तिथे इम्प्लांटही बसवता येत नाही, कारण जबडा वाढत असतो. २९ वरून २० टक्के हा फरक एका कायमच्या दाताच्या भाषेत मोजा. अंतर नऊ-दहा मिलिमीटर असेल तर मूल धडपडं नसलं तरी मी उपचाराच्या बाजूने बोलेन.

वळणवाट

नऊ-दहा असेल तर माझाही विरोध नाही. विरोध आहे तो पाच मिलिमीटरला आठव्या वर्षी ट्विन ब्लॉक देण्याला. पालकांनी हा आकडा विचारून घ्यावा. दाढा टेकवून तोंड मिटलेलं असताना वरच्या दाताच्या पुढच्या कडेपासून खालच्या दाताच्या पुढच्या पृष्ठभागापर्यंत आडवं अंतर मोजतात. दोन-तीन मिलिमीटर सर्वसाधारण.

टेम्सकाठी

इंग्लंडमध्ये याच आकड्यावर बरंच ठरतं. एनएचएसवर, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेत, १८ वर्षांखालच्या मुलांना मोफत उपचार मिळतो तो गरजेची श्रेणी पाहून. श्रेणी ४ आणि ५ ला मिळतो. श्रेणी ३ असेल तर दिसण्याच्या दहा पायऱ्यांच्या मोजपट्टीवर सहा किंवा अधिक हवेत. पुढे आलेल्या दातांचं अंतर सहा मिलिमीटरच्या वर गेलं की श्रेणी ४, नऊच्या वर ५. इथल्या मराठी पालकांनी मुलाला थेट ऑर्थोडॉन्टिस्टकडे नेण्याऐवजी नेहमीच्या डेंटिस्टकडून पत्र घ्यावं, आणि सुट्टीत भारतात अर्धवट उपचार सुरू करून परतू नये. मधेच दुसऱ्याच्या तारा हाती घ्यायला इथे सहसा कुणी राजी होत नाही.

निशिगंध

मार लागण्याचा विषय निघालाय तर एक गोष्ट सगळ्यांनी लक्षात ठेवा. कायमचा दात मुळासकट निखळला तर तो वरच्या पांढऱ्या भागाला धरून उचला, मुळाला हात लावू नका, घासू नका. माती लागली असेल तर दुधात किंवा सलाइनमध्ये हलकेच खळबळून लगेच त्याच खोबणीत बसवा, मुलाला रुमाल चावून धरायला लावा आणि दवाखाना गाठा. बसवता येत नसेल तर थंड दुधात ठेवून न्या, नळाच्या पाण्यात नाही. पहिला अर्धा तास सगळ्यात मोलाचा. दुधाचा दात मात्र परत बसवू नये, खालच्या कायमच्या दाताच्या अंकुराला इजा होते.

चाफेकळी

ही माहिती शाळेच्या ग्रुपवर टाकते. धन्यवाद!

पाऊलखुणा

मूळ प्रश्नाकडे येते. पुढे सगळ्यात जास्त गुंता होतो तो किडलेल्या दुधाच्या दाढा बिनदिक्कत उपटल्याने. दुधाची दुसरी दाढ गेली की मागची सहाव्या वर्षाची दाढ पुढे सरकते, आणि बरंचसं सरकणं पहिल्या सहा महिन्यांतच होतं. मग उपदाढेला, म्हणजे दुधाच्या दाढेच्या जागी येणाऱ्या कायमच्या दाताला, यायला जागाच उरत नाही, ती आत अडकते किंवा जिभेच्या बाजूला उगवते. चौदाव्या वर्षी ती जागा परत मिळवायला दाढा मागे ढकलाव्या लागतात किंवा एखादी उपदाढ काढावी लागते.

जागा राखण्याचं सर्वांत चांगलं साधन म्हणजे दुधाची दाढच. कीड दाताच्या आतल्या नसेला पोचली असेल तरी नसेचा उपचार करून स्टीलची कॅप बसवता येते. ‘दुधाच्या दाताला कशाला रूट कॅनाल’ म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावं, दुधाची दुसरी दाढ अकराव्या-बाराव्या वर्षापर्यंत लागते.

काढावीच लागली तर स्पेस मेंटेनर, म्हणजे जागा राखणारं उपकरण. एका बाजूची एक दाढ गेली असेल तर बँड अँड लूप: शेजारच्या दाढेवर धातूचं कडं आणि त्याला जोडलेला, रिकाम्या जागेवरून जाणारा तारेचा वळसा. खाली दोन्ही बाजूंच्या गेल्या असतील तर जिभेच्या बाजूने एका दाढेपासून दुसऱ्या दाढेपर्यंत जाणारी तार, पण ती खालचे समोरचे चारही कायमचे दात आल्यावरच. आधी बसवली तर ते आतून येतात आणि तारेत अडकतात. सहाव्या वर्षाची दाढ यायच्या आधीच दुधाची दुसरी दाढ गेली तर हिरडीत उतरणारं पातं असलेला वेगळा प्रकार लागतो. हृदयाला जन्मजात दोष असलेल्या मुलांत तो वापरत नाहीत, हिरडीतून संसर्ग रक्तात जाण्याचा धोका असतो. हा आजार असेल तर पालकांनी स्वतःहून सांगायचं, डॉक्टर विचारायची वाट पाहायची नाही.

प्रत्येक पडलेल्या दाताला मेंटेनर लागतो असंही नाही. एक्स-रेत खालच्या उपदाढेवर हाड किती उरलंय ते पाहतात. एक मिलिमीटर हाडातून वर यायला साधारण चार-पाच महिने लागतात. हाडाचं आवरण गेलेलं असेल आणि उपदाढ वर डोकावतच असेल तर मेंटेनरचा खर्च व्यर्थ. समोरचा दुधाचा दात लवकर गेला तर तिथेही बहुधा लागत नाही.

दंतशिल्प

लॅबमध्ये हीच उपकरणं बनवतो, म्हणून बँड अँड लूप का निकामी होतात ते लिहितो.

बहुतेक वेळा लूप मोडत नाही, सिमेंट सुटतं. माप घेताना बँड दाढेवर नीट दाबून बसलेला नसेल किंवा मापात हलला असेल, तर तयार उपकरण किंचित सैल बसतं, लाळ आत जाते आणि सिमेंट विरघळतं. बँड तोंडात टिकून असतो म्हणून कुणाला शंका येत नाही, पण आत दाढ किडत असते. दुसरं कारण डाग, म्हणजे तार बँडला जोडताना केलेलं सोल्डरिंग. लूपची तार साधारण ०.९ मिलिमीटर जाडीची असते. डाग देताना ज्योत तारेवर जास्त वेळ राहिली तर तार मऊ पडते आणि चावण्याने दबत जाते. मग लूप हिरडीत रुततो.

लूप हिरडीपासून साधारण एक मिलिमीटर उंच हवा आणि आडवा इतका रुंद हवा की उपदाढ त्याच्या आतून वर येईल. अरुंद लूप दिला तर येणारा दात त्यालाच धडकतो. तयार उपकरण दाखवायला सांगून पालकही हे पाहू शकतात.

घरी तपासायचं असेल तर स्वच्छ बोटाने बँड वरखाली हलवून बघा. थोडा जरी खेळ जाणवला किंवा बँडच्या कडेतून वास आला तर पुढच्या भेटीची वाट पाहू नका.

मेघमल्हार

दंतशिल्प, असं बारकाईने कुणी सांगत नाही. वाचनखूण साठवली.

कातळशिल्प

टाळू रुंदावणाऱ्या स्क्रूबद्दलही लिहा. किल्ली पालकांच्याच हातात देतात आणि घरी गोंधळ होतो.

वळणवाट

किल्लीचा एक फेर म्हणजे पाव चक्कर, त्यात स्क्रू साधारण पाव मिलिमीटर उघडतो. वेगाने रुंदावायचं असेल तर दिवसाला एक किंवा दोन फेर, सावकाश असेल तर आठवड्याला दोन-तीन. सात-आठ वर्षांच्या मुलात सावकाशच बरं, किंवा स्क्रूऐवजी क्वाड हेलिक्स नावाची तारेची चौकट, तिला किल्लीच लागत नाही.

मुलाला आडवं झोपवा, मान मागे. मोबाइलचा टॉर्च डोक्यावर. किल्लीला लांब दोरा बांधून तो मनगटाला अडकवा, हातातून सुटली तर घशात जाता कामा नये. स्क्रूच्या समोरच्या छिद्रात घालून घशाच्या दिशेने ढकला, त्यानंतरचं छिद्र पूर्ण समोर दिसेपर्यंत. इथेच चुकतं: फेर अर्धवट राहिला की दुसऱ्या दिवशी छिद्र सापडत नाही. दुसरी चूक किल्ली काढताना. ती पुढे ओढली तर फिरवलेला फेर उलटा होतो. किल्ली मागच्या बाजूने, खाली सरकवत बाहेर काढा. प्रत्येक फेर कॅलेंडरवर लिहा. आई-वडील दोघांनी एकाच दिवशी फिरवला, असंही होतं.

वेगाने रुंदावताना आठवड्याभरात मधल्या दातांत फट पडते, पालक घाबरून फोन करतात. ती शिवण उघडल्याची खूण आहे, पुढे ती आपोआप मिटते. हवी तेवढी रुंदी मिळाल्यावर उपकरण लगेच काढत नाहीत. मधल्या जागेत हाड भरायला किमान तीन महिने, बरेचदा सहा, ते तसंच ठेवावं लागतं. लवकर काढलं तर जबडा परत आत येतो.

खडीसाखर

अंगठा चोखण्याबद्दल कुणीच लिहिलं नाही. चार वर्षांपर्यंत दुर्लक्ष केलं तरी चालतं. समोरचे कायमचे दात येण्याच्या आत, म्हणजे सहाव्या वर्षापर्यंत, सवय सुटली तर पुढचा उघडा चावा (दाढा टेकल्या तरी समोरचे दात न टेकणं) बऱ्याच अंशी आपोआप मिटतो. कडुलिंब, मिरची वगैरे चोळू नका. मूल झोपेत चोखतं आणि तोच हात डोळ्यांना लावतं. रात्री हातमोजा किंवा कोपराला सैलसर इलॅस्टिकची पट्टी, आणि चोखलं नाही त्या दिवशी कॅलेंडरवर चांदणी, एवढ्याने बऱ्याच मुलांची सवय सुटते. मुलाला स्वतःला सोडायची इच्छा असेल तरच टाळूला जाळी बसवावी. सवय सुटल्यावरही ती सहा महिने ठेवतात. पहिले काही दिवस बोलणं बोबडं होतं.

रानवारा

कान-नाक-घसा विभागातून एक भर. मूल झोपेत तोंड उघडं ठेवतं, घोरतं, उशी लाळेने ओली होते, तर तारांआधी नाक तपासा. अ‍ॅडेनॉइड, म्हणजे नाकामागच्या गाठी, वाढलेले असतील तर जबडा रुंद केला तरी मूल तोंडानेच श्वास घेत राहील.

चाफेकळी

रबराचे मऊ ट्रेनर रात्री घालायचे, ऑनलाइन मिळतात, त्याने दात सरळ होतात का?

पाऊलखुणा

ओठ मिटण्याची आणि नाकाने श्वास घेण्याची सवय लावायला काही मुलांना मदत होते.

वळणवाट

@चाफेकळी, मला एवढंही म्हणवत नाही. तयार मापाचा ट्रेनर प्रत्येक जबड्याला सारखाच कसा बसेल? आणि खरा धोका वेळेचा आहे. खालचा जबडा पुढे असलेल्या मुलाने दीड वर्ष ट्रेनर चघळला तर फेसमास्कचं वय निघून जातं. ऑनलाइन मागवून काहीच घालू नका.

हा दोष मुद्दाम वेगळा लिहितो, कारण यात थांबल्याचं नुकसान सर्वांत मोठं आहे. वरचा जबडा मागे राहिल्याने सगळेच समोरचे दात उलटे बसत असतील तर दहाव्या वर्षाच्या आत, शक्यतो आठच्या आसपास, फेसमास्क. कपाळ आणि हनुवटीवर टेकणारी चौकट, तिथून तोंडातल्या हुकांपर्यंत रबर, दर बाजूला साधारण ३०० ते ५०० ग्रॅम ताण, पुढे आणि थोडं खाली. रोज १२ ते १४ तास, म्हणजे संध्याकाळपासून सकाळपर्यंत, शाळेत घालायची गरज नाही. रबर रोज नवी. आपल्याकडच्या उकाड्यात हनुवटीला घामोळं येतं, म्हणून सुती कापडाचं अस्तर लावा आणि ते रोज धुवा. ब्रिटनमध्ये सत्तरेक मुलांवर झालेल्या अभ्यासात सहा वर्षांनी पाहिलं तेव्हा फेसमास्क वापरलेल्यांपैकी ३६ टक्क्यांना शस्त्रक्रियेची गरज आहे असं तज्ज्ञांना वाटलं, न वापरलेल्यांपैकी ६६ टक्क्यांना. खात्रीचा इलाज नाही, पण फरक मोठा आहे. आई-वडिलांपैकी कुणाची हनुवटी पुढे असेल तर खालचा जबडा किशोरवयात पुन्हा पुढे वाढू शकतो, हे पहिल्याच भेटीत सांगायला हवं.

टेम्सकाठी

वरचे सुळे राहिलेच. नऊ-दहाव्या वर्षी वरच्या ओठाच्या आत, दुधाच्या सुळ्याच्या मुळावर बोट फिरवलं की कायमच्या सुळ्याचा फुगवटा लागतो. अकरापर्यंत तो लागला नाही, किंवा एकाच बाजूला लागला, तर एक्स-रे. सुळा टाळूकडे वळला असेल तर नुसता दुधाचा सुळा वेळेत काढून बरेचदा भागतं. स्वीडनमध्ये १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १० ते १३ वर्षांच्या मुलांत असे ७८ टक्के सुळे सरळ वाटेला लागले. सुळ्याचं टोक शेजारच्या दाताच्या मध्यरेषेपलीकडे गेलेलं नसेल तर ९१ टक्के, गेलं असेल तर ६४. दहा मिनिटांचं काम, आणि हुकलं तर हिरडी उघडून साखळी लावून वर्ष-दीड वर्ष सुळा ओढत बसावं लागतं.

दंतशिल्प

दिवाळी जवळ आलीय म्हणून एक अवांतर. लॅबमध्ये दुरुस्तीला सर्वाधिक प्लेटा लक्ष्मीपूजनानंतरच्या आठवड्यात येतात. :) तोंडात चिकटवलेली उपकरणं असतील तर चिक्की, ऊस, कडक चकली, पेरू दाताने तोडून खाणं बंद. मऊ बेसनलाडू, करंजी खुशाल खा, मग ब्रश करा. काढता येणारी प्लेट गरम पाण्याने धुवू नका, अ‍ॅक्रिलिक वाकडं होतं. साधं पाणी, साबण, वेगळा ब्रश. जेवताना काढली तर डबीतच ठेवा, पेपर नॅपकिनमध्ये गुंडाळलेली प्लेट ताटाबरोबर कचऱ्यात जाते. घरात कुत्रा असेल तर डबी उंचावर, त्यांना तिचा वास फार आवडतो.

मेघमल्हार

दोन प्रश्न. खालचे समोरचे दात जिभेच्या बाजूने दुसऱ्या रांगेत येतात ते? आणि ओपीजीच्या, म्हणजे पूर्ण जबड्याच्या एक्स-रेच्या, किरणांची भीती वाटते.

पाऊलखुणा

@मेघमल्हार, दुसरी रांग सहा-सात वर्षांत फार मुलांना दिसते. दुधाचा दात हलत असेल तर हलवू द्या, तो पडला की जीभ नव्याला पुढे ढकलते. दुधाचा दात घट्ट असेल तर तो काढायचा, पण फक्त तोच. ‘जागा व्हावी’ म्हणून शेजारचे दुधाचे सुळे काढून घेऊ नका, मागची जागा लवकर मिटते. खालच्या दातांची दोनेक मिलिमीटरची दाटी आठव्या वर्षी काळजीची नाही. दुधाच्या दाढा त्यांच्या जागी येणाऱ्या उपदाढांपेक्षा रुंद असतात, त्यामुळे खाली दर बाजूला सरासरी १.७ मिलिमीटर जागा नंतर मोकळी होते. ती दाटीसाठी वापरायची असेल तर शेवटची दुधाची दाढ पडण्याआधी जिभेच्या बाजूची तार बसवावी लागते. नाहीतर मागची दाढ ती जागा घेते.

एका ओपीजीचा किरणोत्सार म्हणजे निसर्गातून काही दिवसांत मिळतो तेवढा. कारण असेल तर काढा, दर सहा महिन्यांनी ‘नुसतं बघायला’ नको.

कातळशिल्प

निशिगंध, मूळ प्रश्न होता डॉक्टरांना काय विचारायचं. एवढं वाचून मला वाटतं पहिला प्रश्न एकच: ‘आत्ता काहीच केलं नाही आणि तीन वर्षांनी आलो, तर नेमकं काय बिघडेल?’ उत्तरात हिरडी, अडकलेला दात, जबड्याची वाढ किंवा जाणारी जागा यांपैकी काही आलं नाही, तर थांबता येईल.

निशिगंध

@कातळशिल्प, पूर्ण अनुमोदन. त्याला जोडून आणखी तीन. पहिल्या टप्प्याचं उद्दिष्ट कागदावर लिहून द्याल का, उदाहरणार्थ ‘उजव्या बाजूचा क्रॉसबाइट सोडवणे, मुदत नऊ महिने’? उद्दिष्ट नसलेला पहिला टप्पा संपतच नाही. दुसरा टप्पा लागण्याची शक्यता किती आणि त्याची फी वेगळी की यातच? दोन टप्प्यांच्या मधल्या काळात काय घालायचं आणि किती महिन्यांनी दाखवायचं?

खर्च झेपत नसेल तर सरकारी दंत महाविद्यालयांत ऑर्थोडॉन्टिक्सचा स्वतंत्र विभाग असतो: मुंबईत सेंट जॉर्जेस रुग्णालयाच्या आवारात, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला, गोव्यात बांबोळीला. महापालिकेचं नायर दंत महाविद्यालय मुंबई सेंट्रलला. तिथे पदव्युत्तर विद्यार्थी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली उपचार करतात, फी खासगीपेक्षा खूपच कमी. वेळ जास्त जातो आणि फेऱ्या होतात, पण स्पेस मेंटेनर किंवा क्रॉसबाइटसाठी हा उत्तम मार्ग आहे.

चाफेकळी

आणि मधेच बदली होऊन गाव बदललं तर?

वळणवाट

@चाफेकळी, निघण्याच्या महिनाभर आधी सांगा. उपचाराच्या आधीचे दातांचे साचे किंवा स्कॅन, ओपीजी आणि बाजूचा एक्स-रे, चेहऱ्याचे आणि दातांचे फोटो, आणि आत्तापर्यंत काय केलं व पुढे काय ठरलंय याचं सही केलेलं पत्र मागून घ्या. भरलेल्या फीतून किती काम झालं तेही त्यात लिहून घ्या. स्क्रूचे फेर चालू असतील तर प्रवासाच्या आधी ते थांबवायचे की नाही हे विचारा, आणि किल्ली सामानात न टाकता हातातल्या पिशवीत ठेवा.